वाघूर भरतीया

नेरे, ता. मुळशी
६ डिसेंबर २००९, रविवार

चि. राजनंदिनीस तुझ्या आज्जीचा आशीर्वाद. हितं समदी धडधाकट हायेत, तिकडचं तू लिव. दिल्लीत थंडी लई पडती आसं टीव्हीवर दावत्यात. मी दिलेलं घोंगडं अंगावर घेतीस का मैत्रिणी हसतील म्हणून खाटंखाली कोंबलंयस, ते बी लिव.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन आता आपल्या वस्तीपतोर चढत न्हाई, खाली किराणा दुकानात टाकून जातो. माझ्या हातात येईपतोर दुकानदारीण पाकीट उन्हाकडं धरून बघून झालेली आसती. जरा जाड कागदाचं पाकीट घेत जा.

तू म्हणतीस, आज्जी तू आपल्या हातानं लिव, आईकडनं लिवून घेऊ नगंस, मला तुझं बोलणं हाय तसं पायजे, ते माझ्या प्रबंधात घालायचंय. तुला ठाव हाय, माझी शाळा दुसरीपतोर. तिसरीत बसले आन् बापानं मेंढरांमागं धाडलं, ती पाटी तितंच ऱ्हायली. पुढं साक्षरतेच्या वर्गाला मास्तरीण आली, तिनं पुन्यांदा गिरवून घेतलं. तवा माझ्या चुका काढत बसू नगंस. येवढं मोठं कॉलेज आन् त्यास्नी म्हातारीचं बोलणं लागतंय, तर वाचताना जरा अडखळू दे त्यास्नी बी.

फोनवर का सांगत न्हाईस म्हणशील. फोनवर तू मधीच उलटं विचारतीस. कागद गप ऐकून घेतो.

तू जे शिकतीस त्याचं नाव तुझ्या आईकडनं दोनदा वाचून घेतलं. हवामान बदल आन् अनुकूलन. आन् पुढं तूच समजावून लिवलंयस, अनुकूलन म्हंजी जुळवून घ्यायचं. अगं, जुळवून घ्यायचं शिकायला दिल्लीला जावं लागतंय व्हय? मी ह्या घरात आले तवा परकर नेसत हुते. सासू, सासूची सासू, दोन नणंदा आन् एक आंधळं कुत्रं, येवढ्यांशी जुळवलं. मला कुणी डिग्री दिली न्हाई. तुझी आई हसाय लागली. म्हणाली, "आत्याबाई, तसं न्हाई ते. पाऊस बदललाय, त्याच्याशी जुळवायचं." मी म्हणलं, पाऊस काय सासू हाय का? तर म्हणती, "सासूपरीस वाईट. सासू निदान आधी भांडी आपटती, मग कळतं." हे तुझ्या आईचं बोलणं. तुझ्या पुस्तकात घाल आन् खाली रत्नाबाई आसं नाव बी लिव, मग बघते माझ्यासमोर चहा कशी ठेवती.

आता तुझ्या विचारण्याकडं येते. कातरणी दिवाळी झाल्यावर करायची. पावसाळाभर लोकर वाढलेली आसती, चिखलानं तिच्या गाठी झालेल्या आसत्यात, आत किडं पडत्यात. आदल्या दिवशी ओढ्यात मेंढरं धुवायची, उन्हात सुकू द्यायची. भावकीतली माणसं आपापली कातर घेऊन येत्यात. आज आमच्यात, उद्या तुमच्यात. मजुरी कुणी घेत न्हाई, जेवाय घालायचं. आन् एकदा पहिल्या मेंढराला कातर लागली की समदा वाडा संपवूनच उठायचं. (वाडा म्हंजी आपला मेंढरांचा कळप, हे तुझ्या सरास्नी सांग, न्हाईतर त्यास्नी दगडामातीचा वाटंल.) आर्धी कातरणी ठेवायची न्हाई. आर्धी ठेवली तर बिरोबाला निवद चालत न्हाई, आन् निवद झाल्याबिगर पाटावर कुणी बसत न्हाई. तुला हे समदं ठाव हाय. पर तू म्हणलीस, ठाव हाय ते बी लिव.

औंदाची कातरणी कशी झाली ते विचारलंस. औंदा तुझ्या फोनामुळं समदंच मागंपुढं झालं. त्याचं पुन्यांदा कवातरी.

तुझ्या फोनाचं लोकं बोलत्यात मातुर. जूनपास्नं दर सोमवारी तू हवामान सांगतीस आन् घरचं माणूस ते वस्त्यांवर पोचवतंय, हे आता समद्यास्नी सवयीचं झालंय. शेजारच्या वस्तीवरचा हैबतराव तर बाजारात छाती काढून सांगतुया, "पोरीचा फोन आला आन् मी कातर खाली ठिवली. न्हाईतर त्या वादळात माझं एक मेंढरू ऱ्हायलं नसतं." त्यानं तुला बी फोनवर तेच सांगितलं म्हणं. सांगू दे. त्याला बोलायची हौस हाय.

आन् मेंढरं किती हायेत ते तू आता तिसऱ्यांदा विचारतीस. लाज न्हाई का गं? धनगराच्या पोटी जल्मून वाड्याचा आकडा मागतीस? तुझा आज्जा गेला तरी त्यानं कवा आकडा तोंडातनं काढला न्हाई. सरकारी माणूस मोजाय आला तर त्याला आधी चहा, मग ताक, मग पुन्यांदा चहा, शेवटी ते दमून आपल्या मनानं लिवून गेलं. कुणी विचारलं तर काय म्हणायचं ते तुला मी पाळण्यात शिकवलंय. सांजच्याला मेंढरं कोंडायची जाळी, म्हंजी वाघूर, लावली, आन् जाळीत जागा उरली न्हाई, की झालं. वाघूर भरतीया. तेवढंच लिव. तुझ्या सरास्नी म्हणावं, आमच्यात ह्यालाच आकडा म्हणत्यात.

बाप रानात आसतो, म्हणून फोनवर घावत न्हाई.

जेवण टाळू नगंस. अभ्यास करताना पाय आडवं करून बसत जा, तुझी कंबर तुझ्या आईवर गेलीया.

तुझी आज्जी
तुकाबाई


नेरे
१७ जानेवारी २०१०

चि. नंदीस आशीर्वाद.

संक्रांत झाली. तिळाचं लाडू टपालानं धाडायचं म्हणत हुती तुझी आई, मी म्हणलं पोस्टात त्याचं पीठ हुईल. तुझ्या वाटणीचं डब्यात ठिवल्यात. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सूर्याला गिराण लागलं. मारुंजीकडच्या नव्या बिल्डिंगीतली समदी माणसं काळ्या काचा डोळ्याला लावून गच्चीत उभी. आमी मेंढरं झाडाखाली घेऊन बसलो.

सोमवारी फोनवर तू रुसलीस. म्हणलीस, दोन महिनं झालं आप्पा माझ्याशी धड बोललं न्हाईत, माझं काय चुकलं? मी म्हणलं रानात गेलाय. तू म्हणलीस, सकाळी सातला बी रानात आन् रातच्याला बी रानात? मग मी फोन तुझ्या आईकडं दिला आन् ती खोकाय लागली. तिला खोटं बोलता येत न्हाई, म्हणून खोकती.

तर लिवते. बाप सुस गावाला कामाला लागलाय. तितं मोठी सोसायटी झालीया, तितल्या फाटकावर. निळा शर्ट, डोक्याला टोपी, शिट्टी. मिशीवर टोपी शोभत न्हाई, पर शर्ट बरा हाय. कंपनीतली माणसं ऱ्हात्यात तितं, कुणी लातूरकडची, कुणी नागपूरची. कुणी कुणाला ओळखत न्हाई पर कुत्री एकमेकांस्नी ओळखत्यात म्हणं. एक जुईली म्हणून बाई हाय, ती रोज ह्याला विचारती, "काका, चहा झाला का?" ह्याला तेवढंच बरं वाटतंय.

काम काय, तर येणारी गाडी लिवायची, जाणारी गाडी लिवायची. मी म्हणलं, बाजी, जल्मभर मेंढरं मोजली न्हाईस, आन् आता परक्याच्या गाड्या मोजतुयास? तर म्हणाला, "मोजायचा पगार हाय, आई. न मोजायचा कुणी देत न्हाई."

मेंढरांमागं मी आन् तुझी आई जातो. दोघी पुरतो. रागावू नगंस बापावर. त्याचं पाय दुखत्यात.

तू प्रबंधाचं लिवलंस ते समदं समजलं न्हाई, पर सर खूस हायेत येवढं समजलं. अभ्यास कर. लग्नाचं स्थळ आलं हुतं, मी त्यास्नी सांगितलं पोरगी पावसाचं शिकतीया, पाऊस आवरल्यावर बघू.

तुझी आज्जी
तुकाबाई


नेरे, ता. मुळशी
२१ फेब्रुवारी २०१०, रविवार

चि. राजनंदिनीस आज्जीचा आशीर्वाद.

हे पत्र एकटीनं वाच. वाचताना कुणी खोलीत आसंल तर भाईर जा. आन् शेवटापतोर वाच. मधीच फोन करायचा न्हाई.

तुझं पत्र आलं. ते मी शिवरात्रीपास्नं पदराला बांधून फिरतीया. रोज मेंढरांमागं गेलं की काढायचं आन् वाचायचं. त्यात तू लिवलंयस, "आज्जी, माझ्या एका फोनानं आपला वाडा वाचला. सर म्हणाले, नेऱ्याचं उदाहरण प्रबंधाचा कणा हाय. मार्चात मोठ्या माणसांपुढं उभं राहून मला हे सांगायचंय. पुढल्या साली असाच फोन पन्नास वस्त्यांवर करायचा आसं ठरतंय."

पहिल्यांदा वाचलं तवा मला हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तवा ते पन्नास वस्त्यांचं डोक्यात शिरलं.

नंदे, वाडा वाचला न्हाई.

आता समदं सरळ लिवते. दिवाळीनंतर तू फोन केलास, पंधरा दिवस कोरडं हाय म्हणलीस. बापानं त्याच्यावर कातरणीचा सोमवार धरला, भावकीला निरोप दिलं. त्या सोमवारी सकाळी उन्हं वर यायच्या आत कातर लागली. जेवणाच्या आधी तुझा दुसरा फोन आला. बापाचं हात लोकरीच्या तेलानं माखलेलं, म्हणून फोन मी घेतला. तू धापा टाकत हुतीस. "आज्जी, समुद्रात वादळ उठलंय, पाऊस येणार, वारं येणार. कातरू नका. कातरली न्हाईत ना?"

माझ्यापुढं लोकरीचा ढीग. आर्धा वाडा उघडा होऊन उन्हात उभा. आता तिकडं बसलेल्या पोरीला हे सांगून ती तितनं काय करणार हुती? रडली आसती. मी म्हणलं, "न्हाई गं. कातर अजून खुंटीला हाय." तू म्हणलीस, "देवा, वाचलो." आन् ठिवलास.

मग मी तितं जमलेल्यास्नी सांगितलं. "नंदी म्हणतीया थांबा. पाऊस येणार हाय."

समद्यांनी वर बघितलं. आभाळ घासलेल्या ताटागत. भावकीतला कोंडिबा म्हणाला, "काकू, पोरगी मागल्या सोमवारी कोरडं म्हणली, ह्या सोमवारी ओलं म्हणतीया. पुढल्या सोमवारी गारा म्हणंल." माणसं हसली. त्यांचं काय चुकलं? मला बी हसू आलं.

तुझा बाप हसला न्हाई. कातर हातात धरून उभा ऱ्हायला. म्हणाला, "आता आर्ध्यात ठिवून देवाला काय दावू? आन् ही माणसं उपाशी धाडू?" माझ्याकडं बघितलं त्यानं. मी काय म्हणते ते बघत हुता.

लोकास्नी वाटतं म्हाताऱ्यांना पाऊस कळतो. मला काय कळत न्हवतं. गुडघा दुखत न्हवता, मुंग्या भाईर न्हवत्या, वारं पडलेलं. चुलीवर पुरणाचं पातेलं हुतं. मी म्हणलं, "उरका मग." तेवढंच. उरलेला आर्धा वाडा दिवस मावळायच्या आत कातरून झाला, निवद झाला, माणसं जेवली, गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपास्नं आभाळ भरलं. बुधवारी सकाळी वारं सुटलं आन् पाऊस आला तो आडवा. कार्तिकातला पाऊस, त्यात गारठा, आन् अंगावर लोकर न्हाई. ताडपत्री बांधली ती वाऱ्यानं ओढ्यापार नेली. मेंढरं थरथरत हुती, ओरडत बी न्हवती. मेंढरू ओरडायचं थांबलं की मला भ्या वाटतं.

बाप म्हणाला, मारुंजीच्या रस्त्याला आणखी एक बिल्डिंग उठतीया, खांब उभं हायेत, वर स्लॅब पडलाय, तितं खाली नेऊ. पूर्वी तितं माळ हुता, तुझ्या आज्ज्यानं तितं मेंढरं चारली. आता भवतीनं पत्र्याचं कुंपण आन् फाटक. फाटकाला कुलूप. आत एक मिशाळ वॉचमन, उत्तरेकडचा, पोतं डोक्यावर घेऊन उभा. बापानं फाटक हलवलं. तो म्हणत ऱ्हायला, "चाबी साहब के पास है, भैया. मैं क्या करूँ?" फोन लावत हुता, लागत न्हवता. तो माणूस वाईट न्हवता. त्याच्या डोळ्यात पाणी हुतं का पावसाचं हुतं, ते मला सांगता येत न्हाई.

वारं लागत न्हवतं ते येवढ्या पत्र्याच्या कडेला. मेंढरं तितं दाटली. एकाच्या अंगावर एक. आमी ओढून काढतोय, ती पुन्यांदा तितंच घुसत्यात, ऊब कुटं हाय तेवढंच त्यास्नी कळतंय. साहेबाचा माणूस मोटरसायकलवर किल्ली घेऊन आला तवर खालची दबून गेली हुती. वरची बापानं एकेक उचलून आत नेली. तुझ्या आईनं अंगावरचं लुगडं सोडलं आन् पोलक्या-परकरावर उभं राहून त्या लुगड्यानं पुसत हुती. मिशाळानं फळ्या पेटवल्या. आत नेलेल्यातली बी काही दुसऱ्या दिवशी दुपारपतोर गेली.

बिल्डिंगवाल्यांच्या जेसीबीनं खड्डा काढून दिला. पैसं घेतलं न्हाईत. बापानं मोजल्यागत एकेक आत ठिवलं, पर मोजलं न्हाई.

पुढल्या सोमवारी तुझा फोन आला. तू लई आनंदात. म्हणलीस, "पेपरात वाचलं, तिकडं किती पाऊस झाला. कातरली न्हाईत म्हणून वाचली ना, आज्जी?" बाप शेजारी उभा हुता. त्यानं ऐकलं. मी म्हणलं, व्हय. तवापास्नं तो फोनला हात लावत न्हाई. तुझ्यावर राग हाय का माझ्यावर, का स्वतःवर, ते त्यालाच ठाव. मी विचारलं न्हाई. सुसच्या फाटकावर का गेलास, येवढं विचारलं. म्हणाला, "तितं किल्ली माझ्या खिशात आसती."

आन् हैबतरावाचं बी सांगते. तो छाती काढून सांगतुया ना, पोरीच्या फोनानं वाचलो. त्याचा चुलता मेला हुता, त्याला सुतक हुतं. त्याला त्या आठवड्यात कातर धरायचीच न्हवती. फोन आला नसता तरी वाचलाच आसता तो. तू त्याचं बोलणं लिवून घेतलंयस, ते खोडून टाक. न्हाई, खोडू नगंस, खाली सुतकाचं लिव. 

म्हंजी बघ. ज्याचं मेलं त्यानं वाचलं म्हणून सांगितलं, आन् ज्याचं वाचणारच हुतं त्यानं फोनानं वाचलं म्हणून सांगितलं. आन् तू ह्यावर पन्नास वस्त्या बांधणार.

गेल्या तीन महिन्यांत माझ्या मनात एकच हुतं. पोरीचं शिक्षण हुईपतोर गप बसायचं. तुला मी वळखते. बारावीला एका पेपरात कमी पडलं तर समद्या वह्या चुलीपाशी नेऊन बसलीवतीस. हे कळलं तर बॅग उचलून गाडीत बसशील आन् हितं येऊन बापाच्या पाया पडशील. बापाला ते नको हाय. मला तर मुळीच नको. आज्जीच्या एका खोट्यानं पोरगी शिकली तर काय बिघडलं, आसं वाटलं. मेंढरं तर गेलीच हुती.

पर पन्नास वस्त्या. त्यातली निम्मी आपलीच, माणदेशाकडची, बारामतीकडची. त्यास्नी तुझा कुणीतरी सोमवारी सांगणार, कोरडं हाय. ती भावकी बोलावणार, पुरण शिजवणार. मग दुसऱ्या सोमवारी सांगणार, थांबा. आन् तितली म्हातारी वर बघून म्हणणार, उरका मग. तिला कुणी सांगायचं? तुझ्या प्रबंधात तर लिवलेलं आसंल, नेऱ्यातली बाई थांबली.

तुझा पहिला फोन चुकला म्हणून मेली आसं मनात आणू नगंस. पंधरा दिवसांवरचं तुला दिसत न्हाई, मला दिसत न्हाई, तुझ्या सरास्नी बी दिसत न्हाई. दुसरा फोन तर बरोबर हुता. तो आला तवा आर्धा वाडा लोकरीत हुता. तेवढा आर्धा ह्या घरानं घालवला, तू न्हाई. हे जसंच्या तसं लिव. बिरोबाचं नाव बी लिव, त्याला राग येत न्हाई.

तुझी आई परवा एक बोलली. ओढ्यावर धुणं धूत हुती, मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, वाड्याची दोन वाघरी केली तर? आज एक कातरायची, तिचा निवद वेगळा. आठ दिवसांनी दुसरी, तिचा निवद वेगळा. म्हंजी आर्धी कुणाचीच ऱ्हात न्हाई. मधी पोरीचा फोन आला तर दुसरी थांबवायची." मी म्हणलं, दोनदा पुरण घालाय तुझा बाप येणार हाय का? तर म्हणती, "मी घालते." देवाला चालतंय का ते मला ठाव न्हाई. भावकीला विचाराय लागंल, कोंडिबा तर हसणारच. पर तुझ्या सरास्नी सांगून बघ. कदाचित हे बी चुकंल. चुकलं तर ते बी लिवाय लागंल.

मार्चात उभी ऱ्हा. त्या मोठ्या माणसांपुढं सांग, माझ्या घरची मेंढरं मेली, माझा फोन पोचला हुता आन् तरी मेली. डिग्री देत न्हाईत म्हणाले तर पुन्यांदा बस, आणखी एक साल लागलं तर लागू दे. पर सोडून आलीस तर एक ध्यानात ठिव. ह्या घरात वॉचमन एक हाय, दुसरा नको. दारात उभी करणार न्हाई.

बापाला आज सकाळी सांगितलं, नंदीला समदं लिवतीया म्हणून. टोपी घालत हुता. मग उंबऱ्यापतोर गेला, परत आला आन् फोन माझ्या कोनाड्यातनं उचलून आपल्या खिशात घातला. उद्या सोमवार हाय. हे पत्र तुला पोचायला पाच-सहा दिवस लागतील. उद्या तू नेमानं फोन करशीलच, तुला काय ठाव नसंल. तो उचलंल. हे वाचल्यावर पुढल्या सोमवारी बी तू नुसतं हवामान सांग.

आता ऱ्हायलं ते तुझं पहिल्यापास्नंचं विचारणं. काल सांजच्याला वाघूर लावली. पूर्वी दहा खुंट लागायचं, आता चारावर भागतंय, आन् तरी आत आडवं पडाय जागा उरतीया. तुझी आई पाणी आणाय गेली हुती. मी आत शिरले, एकेकाच्या पाठीवर हात ठेवत गेले. लोकर आता दोन बोटं आलीया.

आज्ज्याला ठाव नको पडाय. आकडा खाली लिवते, नीट बघून उतरून घे.

तेवीस. त्यात एक कोकरू, वादळानंतर जल्मलेलं.

मोजून सांगणारी, तुझी आज्जी
तुकाबाई